एकाकी ज्येष्ठ पाहिजेत

४ सप्टेंबर

नगर कचेरीतल्या साहेबांनी आज अतिशय प्रेमाने चहा पाजला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. कप रिकामा झाल्यावर ते म्हणाले, "लू काका, तुमच्या गावच्या जेवणघराचं अनुदान डिसेंबरअखेर संपतंय. पुढे मिळणार नाही. उपक्रम फार जुना झालाय हो. वरच्यांना आता नावीन्य हवं असतं."

बरोबर आहे. म्हाताऱ्या माणसांना दुपारी भूक लागते ही गोष्ट जुनीच आहे. तीत नवीन काही निघेल अशी आशा मलाही नाही.

गावच्या मंडळाचा अध्यक्ष मीच, त्यामुळे बातमीही मीच सांगायची. आमचं जेवणघर म्हणजे मिठागराची जुनी वजनशेड. मिठागर बंद पडलं, काटा भंगारात गेला, तिथला कारकून, म्हणजे मी, निवृत्त झालो. उरलेल्या शेडमध्ये आ-ख्वान चूल पेटवून गावातल्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना दुपारचं जेवण घालते. मी तिथे रोज असतो, पण देखरेखीसाठी. देखरेख करायची तर चव घ्यावीच लागते.

आ-ख्वान कालवांचं ऑम्लेट उलटत होती. मागे वळूनही न बघता म्हणाली, "म्हणजे जानेवारीपासून मी मोकळी. काओश्युंगला मुलीकडे जाते. कधीची बोलावतेय. नातवंडं सांभाळीन, जावयाचे मोजे शोधीन."

"तुला आवडेल का तिथे?"

"अध्यक्षसाहेब, आवडीनिवडीचा रकाना तुमच्या अर्जात असतो. माझ्या आयुष्यात नसतो."

ही बाई शाळेत गेली असती तर तिला कुणी शिकवू शकलं नसतं.

६ सप्टेंबर

साहेबांनी सांत्वन म्हणून एक जाडजूड पुस्तिका दिली होती: 'सेवाभावी संस्था आणि ग्रामगटांसाठी अनुदानाच्या संधी'. आज जेवणं झाल्यावर मोठ्याने वाचली. संधींचा नुसता पाऊस आहे. एक संस्था काजव्यांसाठी पैसे देते. आमच्याकडे काजवे नाहीत, डास आहेत. डासांसाठीही एक अनुदान आहे, पण त्यात ते मारावे लागतात आणि मारण्याआधी त्यांची शिरगणती करावी लागते. एक अनुदान ज्येष्ठांच्या ढोलपथकासाठी, एक यंत्रमानवाने ज्येष्ठांना व्यायाम शिकवण्यासाठी. भातासाठी एकही नाही.

"यंत्रमानव घेऊ या," हाय-सान म्हणाला. हा माझा शाळासोबती. जन्मभर मासेमारी केली, आता जन्मभराची मतं देतो. "त्याला भात ढवळायला लावू."

"आणि तो जेवला नाही तर?" इन-हुआ आजींनी विचारलं. त्यांना कुणी उपाशी राहिलेलं चालत नाही.

शेवटून दुसऱ्या पानावर सापडलं. राजधानीतली, ताइपेची कुठलीशी संस्था, 'एकाकी ज्येष्ठ सोबत योजना'. गावात एकाकी ज्येष्ठ असावेत आणि त्यांच्यासाठी सोबतीचं काही ठिकाण असावं, एवढीच अट. जेवण चालेल, असं स्पष्ट लिहिलंय.

मी म्हणालो, "झालं! गाव एकाकी ज्येष्ठांनी भरलेलंय."

एकदम सगळे आपापल्या वाटीत पाहू लागले.

८ सप्टेंबर, रविवार

जेवणघर बंद. बिस्किटं खाल्ली. पोस्टाच्या घड्याळापर्यंत चालत गेलो. ते बरोबर चालतं. परत आलो.

१४ सप्टेंबर

अर्जासोबत एकाकी ज्येष्ठांच्या सह्या हव्यात. घरोघर फिरलो. काय सांगू! आमच्या गावात असं एकही माणूस नाही.

हाय-सान दारातच खेकसला. "मी एकाकी? अरे, माझा मुलगा कारखान्यात व्यवस्थापक आहे. मी अशी सही केली तर लोक काय म्हणतील? बापाला टाकलं म्हणतील. त्याच्या सासुरवाडीला कळलं तर?"

"तो शेवटचा कधी आला होता?"

"कामात असतो. मुद्दाम विचारू नकोस."

इन-हुआ आजी म्हणाल्या, "बाळा, मी कुठली एकटी? ही बदकं आहेत की." त्यांच्या तिन्ही मुली ताइपेत. घरात बदकांची भाषणं ऐकू येत होती. अध्यक्ष म्हणून मला एवढंच म्हणायचंय की बदकांच्या सह्या ग्राह्य धरत नाहीत.

पुढच्या घरी म्हातारबुवांनी मुलाने पाठवलेलं मालिशयंत्र दाखवलं. त्याच्या पुढच्या घरी मुलीने पाठवलेला भला मोठा टीव्ही. सगळीकडे तेच. इथे 'मी एकटा पडलो' असं म्हणणं म्हणजे भर चौकात पोटच्या पोराला चपराक मारणं. एका जेवणासाठी कुणी तेवढं करत नाही. बरोबरच आहे त्यांचं.

येताना बांधावर बसलो. पूर्वी इथे मिठाचे ढीग असायचे, संध्याकाळी गुलाबी दिसायचे. चौथीत आमचे गुरुजी आम्हाला इथे आणून कविता म्हणायला लावायचे. त्या कवितांतली माणसं नेहमी एकटी असत. कुणी नावेत, कुणी डोंगरावरच्या झोपडीत, कुणी सीमेवरच्या चौकीत. गुरुजी डोळे मिटून म्हणायचे, "केवढं सौंदर्य!" आता त्याच सौंदर्याला 'लाभार्थी' म्हणतात आणि त्याचा पुरावा जोडावा लागतो.

मी सही का केली नाही, असं आ-ख्वानने विचारलं. काय प्रश्न! मी अर्जदार आहे. अर्जदार आणि लाभार्थी एकच कसा असेल?

३० सप्टेंबर

अर्ज लिहिला. सह्यांच्या जागी 'प्रत्यक्ष पाहून ठरवावे' असं नम्रपणे लिहिलं. बाकी रकाने मनापासून भरले. 'आपल्या प्रकल्पाचा परिणाम कसा मोजाल?' याला आ-ख्वानने सुचवलेलं उत्तर होतं, "जेवणाआधी आणि जेवणानंतर काट्यावर उभं करा." मी मात्र भरतीच्या पाण्यात जुन्या मिठागराचे कप्पे एकेक करून कसे उजळतात, त्याचं वर्णन दिलं.

४ ऑक्टोबर

संस्थेतून मिस चिएन नावाच्या मुलीचा फोन. आवाज गोड, बातमी तेवढी नाही. "लू आजोबा, अर्ज खूप छान आहे. मी ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवला. पण उद्दिष्टांच्या रकान्यात भरती-ओहोटी चालत नाही. तिथे एक वाक्य लिहा ना, तुम्हाला काय हवंय ते."

मी लिहिलं, 'दुपारचं जेवण सगळ्यांनी एकत्र करावं.' फारच गद्य झालं. ती म्हणाली, आता बरोबर. समिती महिनाअखेरीस गाव पाहायला येईल.

१३ ऑक्टोबर, रविवार

बंद. वाचन केलं. घड्याळ दोन मिनिटं मागे होतं, पोस्टमास्तरांच्या घरी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "काका, आज रविवार आहे." मला माहीत होतं.

२२ ऑक्टोबर

सभा घेतली. समितीसमोर कसं वागायचं ते समजावलं. नेहमीसारखे बसा, नेहमीसारखं जेवा, जरा दीनवाणे दिसा.

"दीनवाणे म्हणजे कसे?" हाय-सान.

"आरशात बघ," आ-ख्वान.

मग जेवायला काय करायचं यावर चर्चा निघाली. आ-ख्वान म्हणाली, रोजचंच. रताळ्याचा पाला, मुळ्याचं ऑम्लेट, एक मासा. यावर सगळे तुटून पडले. ताइपेचे पाहुणे येणार आणि त्यांना रताळ्याचा पाला? गावाचं नाक राहील का? मलाही ते पटलं. मिठागर जोरात होतं तेव्हा आमच्याकडे गव्हर्नरसाहेब जेवून गेले होते. म्हणून ठरलं, रस्त्यावर मांडव घालायचा, गोल टेबलं मांडायची, लाल कापड अंथरायचं, रीतसर पंगत वाढायची. खर्च प्रत्येकाच्या मुलांनी वाटून घ्यायचा, हेही परस्पर ठरलं.

"अहो अध्यक्ष," आ-ख्वान म्हणाली, "भीक मागायला हत्तीवरून चाललोय आपण."

तिला पाहुणचार कळत नाही.

२९ ऑक्टोबर

आज समिती येऊन गेली. गावाच्या इतिहासात असा दिवस झाला नाही.

सकाळपासून गाड्या येऊ लागल्या. पाहुण्यांना म्हाताऱ्यांनीच वाढलं तर मुलांची काय शोभा राहील, असं वाटून प्रत्येकाने आपापली पोरं बोलावली होती. हाय-सानचा व्यवस्थापक आला, बायको-मुलांसकट. इन-हुआ आजींच्या तिन्ही मुली आल्या, जावई आले, एक पणतू आला आणि बदकांना घाबरून रडला. लहान मुलं मांडवात धावत होती, सुना सूप वाढत होत्या, लेकी आयांच्या ताटातले काटे काढून देत होत्या. हाय-सान नातवाला खांद्यावर घेऊन फिरत होता, तेही दुखऱ्या गुडघ्याने. दीनवाणं एक माणूस दिसेना. मिस चिएन आणि तिच्याबरोबरचे दोन गृहस्थ नुसते बघत राहिले.

त्यातल्या जाड चष्म्याच्या गृहस्थांनी हळूच विचारलं, "एकाकी ज्येष्ठ कुठे बसलेत?"

मी चहूकडे पाहिलं. अध्यक्ष म्हणून खोटं बोलणं बरं दिसेना. "येतील," म्हणालो.

मग फोटो. अनुदान म्हटलं की लाल कापडाचा फलक आणि फलकाखाली लोक, त्याशिवाय ताइपेत कुणाचा विश्वास बसत नाही. शेडच्या मागे जुन्या फलकांची चवड आहे. बायका ते कालवांच्या शिंपल्यांवर झाकायला वापरतात. आजचा फलक संस्थेने आणला होता, ठसठशीत अक्षरांत, 'एकाकी ज्येष्ठ सोबत योजना'. दोन जावयांनी दोन टोकं धरली. "या, सगळे या," मिस चिएन म्हणाली. जो तो एकेक पाऊल मागे. कुणाला चप्पल सापडेना, कुणाला लघवी लागली. इन-हुआ आजी लेकीच्या पाठीमागे लपल्या. कॅमेरेवाला थांबलाय, पाहुणे ताटकळलेत. कुणीतरी उभं राहायला हवं होतं. मी राहिलो. मधोमध. टाय सरळ केला आणि हसलो.

फोटोनंतर मिस चिएनने विचारलं, "लू आजोबा, तुमच्याकडून कोण आलंय?"

"माझा मुलगा होंग-यी शिंचूला कारखान्यात असतो," मी सांगितलं. "तिथली यंत्रं बंद ठेवता येत नाहीत म्हणे. मी कळवलंच नाही. उगीच यंत्रांचा खोळंबा."

तिने माझ्या ताटात माशाच्या गालाचा, म्हणजे मानाचा, तुकडा वाढला. शहरात वाढली तरी मुलीला वळण चांगलं आहे.

१४ नोव्हेंबर

निकाल आला. मी तो तीन वेळा वाचला, कारण पहिल्या दोन वेळेला चष्मा नीट नसावा.

समितीला गावातली कौटुंबिक माया पाहून अत्यानंद झाला आहे. असं सुखी गाव त्यांनी आजवर पाहिलं नाही. तपासणीअंती संपूर्ण गावात पात्र असे एकच एकाकी ज्येष्ठ आढळले. श्री. लू, अर्जदार.

कारकुनी चूक! मी स्वतः कारकून होतो, अशा चुका मला लांबून ओळखू येतात. अर्जदाराचं नाव लाभार्थ्याच्या रकान्यात पडलं असणार. लगेच फोन लावला.

मिस चिएनने कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "चूक नाहीये, आजोबा. पण ऐका, एक माणूस पात्र असला तरी पुरतं. त्याच्यासाठी सोबतीचं ठिकाण सुरू करता येतं आणि सोबती कितीही असू शकतात. सगळं गाव असू शकतं. फक्त तुम्हाला स्वतःच्या हाताने निवेदन लिहावं लागेल, एकाकी आहे म्हणून. आणि नियमाप्रमाणे आम्ही तुमच्या मुलाला कळवू."

"पण मी नाहीये ना एकाकी."

"हो," ती म्हणाली. "तिकडे कुणीच नाही, ते पाहिलं मी."

१५ नोव्हेंबर

जेवणघरात पत्र वाचून दाखवलं. मला वाटलं होतं, माझ्या अपमानाने गाव पेटून उठेल.

"मग टाक की लिहून," हाय-सान म्हणाला.

"तू का नाही लिहीत?"

"माझ्याकडे बाराजण आलेले पाहिलेत त्यांनी! मला आता कोण एकाकी म्हणेल? तुझं बरं आहे."

"माझं बरं आहे? होंग-यीला काय वाटेल? त्याच्या साहेबांना कळलं तर? बापाला वाऱ्यावर सोडलं म्हणतील."

हे दुखणं त्यांना ठाऊक आहे. सप्टेंबरात त्यांनीच मला सांगितलं होतं.

आ-ख्वान भांडी घासत होती. म्हणाली, "राहू द्या. तुमच्या पोराच्या अब्रूवर शिजवलेला भात मलाही नको. मुलीला सांगते, डिसेंबरअखेर येते म्हणून."

आणि खरंच तिने हात पुसून फोन लावला. मुलगी उचलत नव्हती. दोनदा लावला. "कामात असेल," ती म्हणाली.

१७ नोव्हेंबर, रविवार

बंद. जानेवारीपासून रोजच असं असेल, तर एकदा सवय करून पाहावी म्हणून दिवसभर घरातच बसलो. काही विशेष नाही. माणूस राहू शकतो.

१९ नोव्हेंबर

तोडगा सापडला! साहित्य आहे कशासाठी? जुन्या कवींनी कुठे सगळं स्वतः भोगलं होतं? कित्येकांनी राजधानीत मऊ गादीवर लोळत सीमेवरच्या सैनिकाचं दुःख लिहिलं. मीही एक कल्पित म्हातारा उभा करणार. त्याला सोयीसाठी माझं नाव आणि माझ्या घराचा पत्ता दिला की काम झालं. गाव जेवेल, आणि मी खोटं बोललो असंही होणार नाही. ते लेखन होईल.

२० नोव्हेंबर

निवेदन पूर्ण. कल्पनाशक्ती अजून शाबूत आहे, हे पाहून बरं वाटलं.

माझा तो म्हातारा सकाळी दोन अंडी उकडतो, कारण दोनच उकडायची सवय आहे. दुसरं दुपारपर्यंत टेबलावर ठेवतो आणि मग तेही खातो. पूर्वी दात घासताना कविता म्हणायचा, पण रिकाम्या न्हाणीघरात आवाज फार मोठा येतो, म्हणून आता मनात म्हणतो. टीव्हीवर बातम्या देणारी मुलगी निरोप घेते तेव्हा तो तिला मान लववून उत्तर देतो. मुलाचा फोन आला की सांगतो, "आत्ताच बाहेर निघालो होतो, लोक वाट बघतायत," कारण मुलाला अपराधी वाटू नये. मग फोन ठेवल्यावर, सांगितलंय म्हणून, खरंच बाहेर पडतो आणि पोस्टाच्या घड्याळापर्यंत जाऊन येतो.

घड्याळाचा तपशील मी माझ्याकडचा घातला. लेखकाला तेवढी मुभा असते.

२१ नोव्हेंबर

पाठवण्याआधी जेवणघरात वाचलं. लोकांना साहित्याची जाण राहिलेली नाही. कुणी वाहवा केली नाही. इन-हुआ आजी म्हणाल्या, "बाळा, माझं पण अंड्याचं तसंच आहे," म्हणजे त्यांना ते कल्पित आहे हेच कळलं नाही. हाय-सान म्हणाला, "एकदम वाईट लिहिलंयस," आणि नाक शिंकरायला बाहेर गेला तो बराच वेळ आलाच नाही. याला कालवांच्या वासाची बाधा होते हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

आ-ख्वानने गॅस बंद केला. "रविवारी काय खाता तुम्ही?"

"त्या म्हाताऱ्याचं निवेदनात आलेलं नाही. मुद्दामच सोडलं. सगळं सांगितलं की मजा जाते."

"त्याचं नाही विचारलं." तिने झाकण आपटलं. "या रविवारपासून इथे चूल पेटेल. वेळेवर यायचं."

बघा! अनुदान मंजूर व्हायच्या आधीच हिला जादा कामाचे पैसे हवेत.

२४ नोव्हेंबर, रविवार

देखरेखीसाठी गेलो. मासा बरा होता. आश्चर्य म्हणजे बाकीचेही सगळे आले होते, जो तो दुसऱ्याला सोबत म्हणून.

५ डिसेंबर

मंजूर. मी श्री. लू, अधिकृत एकाकी ज्येष्ठ. सोबत नियमावली आहे. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी समितीचा माणूस येऊन मी अजून एकाकी आहे ना, हे तपासून जाईल. सुधारणा आढळल्यास अनुदान बंद. एखाद्याला बरं करायचं आणि बरा झाला की उपाशी ठेवायचं, एवढी दूरदृष्टी ताइपेतच असते.

आ-ख्वानने मुलीला कळवलं की येत नाही. मुलगी म्हणाली म्हणे, "बरं." एवढंच. आ-ख्वानने मग दिवसभर कुणालाही टोमणा मारला नाही. मला चिंता वाटली.

९ डिसेंबर

दुपारी जेवून आलो तोच होंग-यीचा फोन. मी म्हणालो, "आत्ताच बाहेर निघालो होतो, लोक वाट..." आणि त्याने मला मध्येच थांबवलं.

"बाबा, ताइपेच्या एक बाई बोलल्या माझ्याशी. तुमचं निवेदन वाचून दाखवलं त्यांनी."

"शेवट जरा अघळपघळ झालाय. घाई होती."

"खरं आहे का ते?"

"वेडा आहेस का? अनुदानासाठी लिहिलंय. अनुदानाच्या अर्जात खरं कोण लिहितं?"

त्याच्या मागे यंत्रांची घरघर ऐकू येत नव्हती. ती कधी बंद पडत नाहीत म्हणतात, आज पडली असावीत. मुलगा रडत होता असं मला वाटलं, पण सर्दीही असेल. शिंचूला वारा फार.

"मी येतो बाबा."

मी घाबरलो. "मंगळवारी येऊ नकोस! पहिल्या मंगळवारी तपासणी असते. एकाकी माणसाच्या घरात मुलगा सापडला तर अख्ख्या गावाचं जेवण जाईल. लोक काय म्हणतील मला?"

"बरं. मंगळवारी नाही येत." त्याने नाक ओढलं. "आणि बाकीच्या दिवशी?"

हा प्रश्न माझ्या ध्यानातच आला नव्हता. त्याला थांब म्हणालो, फोन टेबलावर ठेवला, चष्मा शोधला आणि नियमावली पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढली, टिपांसकट. वेळ लागला. तो थांबला होता.

"बाकीच्या दिवसांबद्दल," मी म्हणालो, "यात काहीच लिहिलेलं नाही."